सिनेमा बघून आल्यावर बोलायचं कसं

मी सत्तावीस वर्षं मिरजेतल्या एका थिएटरात ऑपरेटर होतो. म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून मशीन चालवणारा माणूस. लोकांना वाटतं, याची काय चैन, रोज चार खेळ फुकट. पण ऑपरेटरला सिनेमा धड बघायला मिळत नाही. आमच्याकडं दोन मशीन होती. चालू रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारका ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पडदा काळा न होऊ देता इकडून तिकडं जायचं. चुकलं की खालून शिट्ट्या आणि आईबापांचा उद्धार. त्यामुळं नायिका रडो की नायक मरो, माझी नजर त्या कोपऱ्यात.

उरलेल्या वेळात केबिनच्या चौकोनी काचेतून मला पब्लिकची डोकी दिसायची. कुठल्या प्रसंगाला डोकी स्थिर होतात, कुठं कुजबुज सुरू होते, कुठल्या गाण्याला मुतारीकडं रांग लागते, हे मला पाठ असायचं. बाहेर आल्यावर तीच माणसं पायऱ्यांवर म्हणायची, ‘बरा होता.’ मी वरून बघितलेलं असायचं की हाच गडी मघाशी रुमाल शोधत होता! मग नुसता ‘बरा’ कसा?

ते थिएटर आता नाही, तिथं गाळे निघालेत. दर रविवारी संध्याकाळी आम्ही सातआठ जण स्टेशन रोडच्या एका चहाच्या गाड्यावर जमतो. सतारी बनवणारे चाचा, मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर, एक निवृत्त पोस्टमास्तर, माझा कॉलेजातला भाचा, अधूनमधून कोणी पाहुणा. आठवड्यात जे बघितलं त्यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. पहिली दोन वर्षं नुसता कालवा होता. मग हळूहळू रीत बसली. परवा जयसिंगपूरच्या एका ओळखीच्यानं विचारलं, ‘आम्हालाबी असं काय तरी सुरू करायचंय, कसं करता?’ त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय.

कुठं बघितला ते आधी सांगा

बोलायला सुरुवात करणाऱ्यानं आधी एवढं सांगायचं: कुठं बघितला, एका बैठकीत की तुकड्यातुकड्यात, सोबत कोण होतं. हे विचारणं खवचटपणाचं वाटतं, पण त्यानं निम्मी भांडणं मिटतात. आमचे पोस्टमास्तर एका सिनेमाला ‘विस्कळीत’ म्हणाले. चौकशी केली तर कळलं, तो त्यांनी तीन रात्रींत, जेवणानंतर, मधे मधे डुलक्या काढत बघितला होता. सिनेमा विस्कळीत नव्हता, मास्तर होते.

भाच्याची तऱ्हा निराळी. तो मोबाईलवर दीडपट वेगानं बघतो. मी त्याला हिशेब करून दाखवला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी आणि सेकंदाला २४ चौकटी धावतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला नव्वद. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट. माणूस दारात किती थांबला, उत्तर द्यायला किती वेळ लावला, हे त्या फुटांत मोजून कापलेलं असतं. दीडपटीनं बघितलास तर त्या माणसाचं थांबणंच तू खाल्लंस. आता तो आमच्याकडं बोलताना प्रामाणिकपणे सांगतो, ‘मामा, हा मी पळवत बघितलाय, माझं मत अर्धंच धरा.’ तेवढं पुरे.

बघायच्या आधी परीक्षणं वाचू नका. नंतर वाचा, भांडायला कामाला येतात.

वही

बाहेर पडल्या पडल्या बोलू नका. गाडी काढेपर्यंत, बस येईपर्यंत गप्प राहा. सोबतचा लगेच ‘कसा वाटला?’ विचारतोच, त्याला चहा पाजा. या दहा मिनिटांत जे डोळ्यांपुढं आपोआप येत राहतं ते लिहून ठेवा. मी शंभर पानी वही वापरतो, फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल. मत लिहायचं नाही, जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेच लिहायचं. तारीख टाकायची. हॉलमध्ये माणसं किती होती तेही. तीनच ओळी. चौथी ओळ लिहायला लागलात की तुम्ही शहाणपण लिहायला लागता.

या वहीचा खरा उपयोग रविवारी होतो. सहा दिवसांत आपण इतरांचं इतकं ऐकतो की आपल्याला काय दिसलं होतं तेच विसरतो. वही विसरत नाही.

पहिलं वाक्य प्रसंगाचं

आमच्या कट्ट्याचा हा सगळ्यात मोठा नियम. पहिल्या वाक्यात ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ म्हणायचं नाही, एक प्रसंग सांगायचा. तोही गोष्टीचा सारांश म्हणून नाही, डोळ्यांपुढं उभा राहील असा.

‘कोर्ट’चं उदाहरण घ्या. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१५ साली आपल्याकडं लागला. मी पुण्याला मुलीकडं गेलो होतो तेव्हा बघितला. परत येऊन मी पहिल्यांदा काय बोललो असेन? ‘चांगला आहे, पण संथ आहे.’ चाचा म्हणाले, ‘संथ म्हणजे काय? वारणेचं पाणी बी संथ असतंय, चहावाला बी संथ असतोय. तुम्ही काय बघितलं ते सांगा.’ मग मी वही काढली. वहीत लिहिलं होतं: ‘कोर्टाची खोली रिकामी होते. दिवे बंद. पडदा काळा. लोक उठले, चपला शोधायला लागले. मग परत सुरू झाला.’

तेवढं वाचल्यावर बोलणंच बदललं. त्या सिनेमात एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चाललेला असतो. त्याच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. कोर्टाला सुट्टी लागते, एकेक दिवा विझतो, आणि आपल्याला वाटतं, संपलं. तर पुढं न्यायाधीशांची सहल दाखवलीय! पोस्टमास्तर म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही घरी निघाला होता आणि म्हातारा अजून आतच होता.’ मी गप्प. मला त्या काळ्या पडद्याचा राग आला होता, कारण जन्मभर पडदा काळा झाला की चूक माझी असायची. हा मुद्दाम केलेला काळोख होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

‘संथ’ शब्द तेव्हापासून आमच्याकडं बंद. म्हणायचंच असेल तर कुठला प्रसंग लांबला, तो आणखी कुठं कापायला हवा होता आणि कापला तर काय जाईल, हे सांगायचं. बऱ्याचदा तिसऱ्या प्रश्नापाशी माणूस थबकतो. कधी कधी थबकत नाही, बरोबर सांगतो, मग तो सिनेमा खरंच लांबलेला असतो. तसेही असतात की. सगळं संथ ते थोर, असं मानणारा एक पाहुणा आमच्याकडं येऊन गेला, त्यानं जास्त डोकं खाल्लं.

‘संथ’बरोबर ‘टाइमपास’, ‘पैसा वसूल’, ‘एकदा बघायला हरकत नाही’ आणि ‘हटके’ यांनाही बंदी आहे. बोलला त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. ‘अभिनय छान’ला पूर्ण बंदी नाही, पण लगेच विचारतो, कुठं छान? हातांत, आवाजात, की नुसतं रडताना? रडणारा नट सगळ्यांना दिसतो. ऐकणारा नट बघायची सवय लावा. समोरचा बोलत असताना हा काय करतो, तिकडं बघा.

कॅमेरा कुणाच्या बाजूला आहे

हे मला उशिरा कळलं, तुम्ही आधीच शिकून ठेवा. एखादा प्रसंग का झोंबला ते सांगता येत नसेल तर विचारा, या वेळी कॅमेरा कुणाशेजारी उभा होता?

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’च्या शेवटी डुकरं धरणाऱ्या घरातला पोरगा जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. आमच्यात त्यावरून तणातणी झाली. पोस्टमास्तर चिडून म्हणाले, ‘मला का मारतोय? मी काय केलंय त्याचं?’ चाचांनी शांतपणे विचारलं, ‘मास्तर, जब्याच्या घरचे डुक्कर धरत होते तेव्हा जी पोरं टिंगल करत होती, ती कुठल्या बाजूला उभी होती?’ मास्तरांनी आठवलं. मग म्हणाले, ‘आपल्याच.’ पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही. मास्तरांचं म्हणणं अजूनही आहे की हा प्रेक्षकावर अन्याय आहे. असू दे. पण आता ते ‘शेवट आवडला नाही’ म्हणत नाहीत, ‘दिग्दर्शकानं मला त्या पोरांत उभं केलं, ते मला मान्य नाही’ असं म्हणतात. असं मत असेल तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

कान

चाचा सिनेमा सुरू झाला की पहिली पाच मिनिटं डोळे मिटून बसतात. आधी आम्हाला वाटायचं, झोपतात. त्यांचं काम जवारीचं. सतारीची घोडी, म्हणजे जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी, तिच्यावरची तार कशी बोलते ते कानानं ठरवायचं आणि पटाशीनं-कानशीनं तासत जायचं. ते म्हणतात, ‘डोळ्याला पैशानं भुलवता येतं, कानाला अवघड.’ ही युक्ती करून बघा, घरी तर सहज जमते. पाच मिनिटांत कळतं की गाव खरं आहे की स्टुडिओत मागून कुत्रं भुंकवलंय.

‘सैराट’वर त्या वर्षी सगळा महाराष्ट्र बोलत होता. आमच्याकडं पण कुणी आर्चीच्या बुलेटवर, कुणी भाषेवर, कुणी जातीवर बोललं. अजय-अतुलच्या संगीताचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदासह झालं होतं, त्याचं कौतुक भाच्यानं केलं. चाचा शेवटी एवढंच बोलले: ‘चारीच्या चारी गाणी करमाळ्याकडंच राहिली. हैदराबादच्या गाडीत एक गाणं चढलं नाही.’ आम्ही सगळ्यांनी तो दोनतीनदा बघितला होता. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गावातल्या प्रेमाचा पहिला अर्धा भाग त्या दोन पोरांना वाटतो तसा दिसतो आणि पळून हैदराबादला गेल्यावरचा दुसरा असतो तसा, हे त्या एका वाक्यात आलं. मत द्यायचं तर असं.

‘तुम्हाला कळला नाही’ हे वाक्य

त्याच रविवारी माझ्या हातून चूक झाली. ‘सैराट’चा शेवट आवाज काढून घेऊन दाखवलाय. लहान पोर दारात येतं, आत आईबाप पडलेले, पोर रडतं ते आपल्याला दिसतं पण ऐकू येत नाही, आणि मग त्याची लाल पावलं. सिस्टर म्हणाल्या, ‘मला तो शेवट खोटा वाटला. आवाज कशाला काढून घेतला?’

मी सत्तावीस वर्षांचा ऑपरेटर. मी मोठ्यानं हसून म्हणालो, ‘सिस्टर, ही शैली असते. तुम्हाला नाही कळायचं.’

त्यांनी कप खाली ठेवला, स्वतःच्या चहाचे पैसे दिले आणि गेल्या. तीन महिने आल्या नाहीत. शेवटी भडंगाचा पुडा घेऊन मी हॉस्पिटलच्या गेटवर गेलो. त्यांची पाळी सुटायची वेळ होती. म्हणाल्या, ‘त्या दिवशी मला खोटा म्हणायचं नव्हतं, दुसरा शब्द सुचला नाही. वॉर्डात रात्री पोरं रडतात त्याचं मला काही वाटत नाही. रडतंय म्हणजे श्वास चाललाय. आवाज बंद झाला की मी पळत जाते. पडद्यावर पोराचं तोंड उघडं दिसत होतं आणि आवाज नव्हता. मी खुर्चीतनं उठले होते, माहितीय? शेजारच्यांनी खाली बसवलं.’ मग म्हणाल्या, ‘हे सांगायला मला आणखी दोन मिनिटं पाहिजे होती. तुम्ही दिली नाहीत.’

त्या शेवटावर इतकं नेमकं मी कुठं ऐकलं नाही, वाचलंही नाही. आणि ते मी हसून घालवलं होतं.

तिथून आमचा दुसरा मोठा नियम आला. कुणी न पटणारं बोललं की पहिला प्रश्न ‘का?’ असा नाही, ‘कुठं?’ असा विचारायचा. ‘का’ विचारलं की माणूस वकिली सुरू करतो. ‘कुठं’ विचारलं की तो सिनेमात परत जातो. आणि मग दोन मिनिटं कुणी मधे तोंड घालायचं नाही. आम्ही चक्क घड्याळ लावतो. दोन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी फूट. गप्प बसलेल्याला फार लांब वाटतात.

नट-नट्यांच्या घरच्या भानगडी, कुणी किती कोटी कमावले, यावर बोलायचं असेल तर चहा यायच्या आधी बोलून घ्यायचं.

शेवट कधी सांगायचा

नवा सिनेमा असेल तर मध्यंतरापर्यंतचंच सगळ्यांसमोर बोलायचं. शेवटावर बोलायची वेळ आली की ज्यांनी बघितला नाही त्यांनी रस्ता ओलांडून भडंगवाल्याकडं जायचं आणि हात केल्यावर परत यायचं. सिनेमा लागून पाच वर्षं झाली की नियम उठतो. मी वर तीन सिनेमांचे शेवट सांगून टाकलेत ते याच हिशेबानं.

‘शेवटाला धक्का आहे’ एवढं सांगणंही फोडणंच आहे. ज्याला हे सांगितलं तो बिचारा सिनेमाभर धक्क्याची वाट बघत बसतो.

मत बदललं तर तारीख टाका

ऐंशीच्या दशकात एका आषाढीला आमच्याकडं मॅटिनीला ‘संत तुकाराम’ची जुनी प्रिंट लागली होती. दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, १९३६ सालचा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला सिनेमा म्हणून मालकांनी बाहेर पाटी लावली होती. प्रिंट इतकी घासलेली की पडद्यावर सतत पाऊस. मी विशीतला पोरगा. चमत्कार बघितले आणि मनात ‘जुनाट’ असा शिक्का मारला.

वीसेक वर्षांनी तोच सिनेमा घरी टीव्हीवर लागला. बायको भाजी निवडत बघत होती. जिजाई विठोबावर तोंड सोडते तिथं ती म्हणाली, ‘ही बाई खरी. तुकारामाला काय, त्याला विठोबा सांभाळतोय. पोरांना कोण सांभाळतंय?’ आणि मला एकदम त्या मॅटिनीची डोकी आठवली. तिथंच बायकांच्या बाजूची डोकी एकमेकींकडं वळली होती. मी ते वरून बघितलं होतं, अर्थ मात्र लावला नव्हता. वहीत आता दोन्ही मतं आहेत, दोन्हीवर तारखा. पहिलं खोडलेलं नाही. नव्यानं येणाऱ्याला मी ते पान मुद्दाम दाखवतो, म्हणजे तो आमच्यासमोर चुकायला घाबरत नाही.

लिहून पाठवायचं असेल तर

कट्ट्याला येता आलं नाही की आमचे लोक फोनवर लिहून पाठवतात. पाच ओळींच्या वर नाही. भाचा आधी असं लिहायचा: ‘अप्रतिम छायाचित्रण, दमदार कथा, खिळवून ठेवणारा अनुभव, नक्की बघा.’ मी त्याला म्हणालो, सिनेमाचं नाव झाक आणि सांग, हा कुठला सिनेमा? त्यालाच सांगता येईना. हीच परीक्षा तुम्ही तुमच्या लिखाणाला लावा. नाव झाकलं तरी बघितलेल्याला ओळखता आला पाहिजे.

आता तो असं लिहितो: ‘घरी, लॅपटॉपवर, एका बैठकीत, नेहमीच्या वेगानं. बाप पोराला मारतो ते दाखवलं नाही, शेजारचा टीव्हीचा आवाज वाढवतो तेवढं दाखवलं. तिथं मी थांबवून पाणी प्यायलो. पोलिसांचे प्रसंग दुसऱ्याच सिनेमातले वाटतात. आईला एकही पूर्ण वाक्य दिलेलं नाही, हे मुद्दाम आहे का ते रविवारी विचारायचंय.’ शेवटची ओळ मला सगळ्यात आवडते. बोलणं पुढं चालू राहायला एखादा प्रश्न शिल्लक ठेवावा लागतो.

तारे, दहापैकी मार्क, हे आम्ही देत नाही. मास्तरांना द्यायचे असतात, त्यांची सवय आहे. ते स्वतःच्या वहीत देतात आणि कुणाला दाखवत नाहीत.

या रविवारी सिस्टर एका नव्या सिनेमावर बोलणार आहेत. मला शनिवारचं तिकीट मिळालं नाही, माझा बघायचा राहिलाय. त्यामुळं त्या शेवटावर आल्या की मला रस्ता ओलांडून भडंगवाल्याकडं जावं लागणार. तिथून ऐकू काही येत नाही. डोकी तेवढी दिसतात.